देवाला कौल लावला, बाबांना विचारलं का?

पत्र:

नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून लिहितेय. माझे बाबा ७१ वर्षांचे, मराठी प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मार्चमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोवर तो यकृतात पोचला होता. केमोचे तीन डोस झाले आणि डॉक्टरांनी थांबवलं. कार्डावर इंग्रजीत ‘बेस्ट सपोर्टिव्ह केअर’ लिहिलंय. बाबांना आम्ही ‘स्वादुपिंडाला सूज आहे, उतरेल’ एवढंच सांगितलंय. हे ठरवलं बाहरेनला असलेल्या दादानं आणि थोरल्या काकांनी. काकांनी ग्रामदेवतेला कौल लावला, प्रसाद उजवा झाला, म्हणजे देवाचा होकार आला, तेव्हा आता घरात कुणी विषय काढायचा नाही. पॅलिएटिव्हची, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी टीम घरी येते. दादाच्या मते याचा अर्थ डॉक्टरांनी हात वर केले. परवा नर्सनं मला अंगणात बाजूला घेऊन विचारलं, ‘पेशंट को कितना मालूम है?’ मला इतका राग आला की तिला चहाही विचारला नाही. एक डॉक्टर ‘स्टेबल’ म्हणतात, दुसरे ‘मनाची तयारी ठेवा’ म्हणतात, मोठे डॉक्टर सुरुवातीला ‘भिवपाचें कांय ना’, घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाले होते. विश्वास कुणावर ठेवायचा? मॉर्फिनची दहाची गोळी दर चार तासांनी आहे. दादा म्हणतो व्यसन लागेल, म्हणून आम्ही अर्धीच देतो. नर्सला सांगितलेलं नाही. रात्री बाबा दुखण्यानं बसून असतात. आई काहीच बोलत नाही. दादाचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी त्यांचे केस विंचरते, इस्त्रीचा शर्ट घालते, बस्स. गेल्या आठवड्यात बाबांच्या उशाखाली पतसंस्थेची छोटी डायरी सापडली. त्यात लिहिलं होतं: ‘डॉ.ना विचारणे. १) भूक. २) पायांची सूज. ३) चवथ?’ तिसऱ्यावर रेघ मारलेली. ‘चवथीक माटोळी हांवच बांदतलों’, म्हणजे गणेशचतुर्थीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी मीच बांधणार, असं ते रोज म्हणतात. त्यांना सांगावं की नाही?

— एक लेक

उत्तर:

‘सांगावं की नाही’ हे तुम्ही शेवटी विचारलंय. त्याच्याकडे येतेच, पण आधी गोळी. बाकीचं उद्यावर ढकलता येईल, गोळीचं नाही.

तुम्ही अर्धी गोळी देता हे टीमला आजच फोन करून सांगा. पुढच्या भेटीची वाट बघू नका. नर्सच्या कागदावर दर वेळी १० मिलिग्रॅम लिहिलेलं आहे, पोटात जातंय ५. बाबा रात्रभर बसून असतात हे ऐकल्यावर डॉक्टर काय समजतील? दहा पुरत नाही. ते पंधरा करतील. आणि एखाद्या रात्री दुखणं बघवत नाही म्हणून तुम्ही किंवा आई ती लिहिलेली पूर्ण मात्रा द्याल. पाचाची सवय असलेल्या शरीरात एकदम पंधरा, म्हणजे तिप्पट. गुंगी येईल, श्वास मंदावू शकतो, आणि मग दादा म्हणेल, बघ, मी सांगत होतो. म्हणून फोन करा, आणि फोन होईपर्यंत मनानं पूर्ण गोळीही सुरू करू नका. ते सांगतील तसं वाढवा. रागावतील या भीतीनं लपवू नका. या कामातल्या माणसांनी असल्या अर्ध्या गोळ्या पुष्कळ पाहिलेल्या असतात.

दादाची भीती मात्र मूर्खपणाची नाही. ती आपल्याकडे कुठून आली ते त्याला सांगा. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की एवढ्या परवान्यांच्या भानगडीत पडण्यापेक्षा पुष्कळ हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवायचंच सोडून दिलं. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या ते हातानं न देता शिकल्या. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली, पण मधल्या वर्षांत ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ आणि ‘मॉर्फिन म्हणजे व्यसन’ ही दोन्ही वाक्यं घराघरांत मुरली. कॅन्सरच्या दुखण्यासाठी, दुखण्याच्या मापानं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनला व्यसन म्हणत नाहीत. शरीराला त्याची सवय होते हे खरं, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं, डॉक्टर पायरीपायरीनं कमी करतात. पहिले काही दिवस झोप जास्त येते, मळमळतं, ते बहुधा ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, त्यासाठी पोट साफ होण्याचं औषध रोज लागतं. ते सुरू आहे ना, हेही त्याच फोनमध्ये विचारा. आणि दर चार तासांनी म्हणजे घड्याळ लावून चार तासांनी. दुखायला लागल्यावर नव्हे.

आता डायरी.

तुम्ही पत्रात ती शेवटाकडे, दोन-तीन ओळींत लिहून मोकळ्या झालात. मी ते पत्र त्या ओळींपाशी ठेवून उठले आणि बाहेर जाऊन आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेला माणूस स्वतःच्या वहीत तीन प्रश्न लिहितो आणि तिसरा खोडतो. रेघ एकच आहे, तुम्ही लिहिलंय. गिरगटलेलं नाही, खालचं वाचता येतंय. मास्तर चुकलेलं गणित असंच कापतात, मुलाला आपली चूक दिसावी म्हणून. बाबांना उत्तर माहीत नाही असं तुम्हाला अजून वाटतं का? निदान प्रश्न तरी त्यांना पक्का माहीत आहे. तो विचारला तर घरातल्या कुणाला तरी खोटं बोलावं लागेल, हेही त्यांना कळलंय. म्हणून रेघ. तुम्ही त्यांना सांभाळताय आणि ते तुम्हाला.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. पंचवीस वर्षं मी हॉस्पिटलांत मेडिकल सोशल वर्करची नोकरी केली, इतरांच्या घरच्या बैठका लावल्या. माझे सासरे आजारी पडले तेव्हा त्यांनी एका दुपारी मला विचारलं, ‘तू थंयच काम करता न्हय? कितें म्हणटात ते?’ (तू तिथंच काम करतेस ना? काय म्हणतात ते?) मी म्हटलं, रिपोर्ट यायचेत. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होते. त्यानंतर ते सात आठवडे होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी मला फक्त चहा झाला काय, एवढंच विचारलं.

तुम्ही नर्सवर रागावलात. तिनं ‘सांगा’ म्हटलं नव्हतं, तिनं विचारलं होतं. तिला जखम पुसताना, पाय चेपताना बाबांशी बोलावं लागतं. त्यांनी तिला काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या खेपेला चहा द्या, आणि चहाबरोबर खरं काय ते.

तर, सांगावं की नाही? माझ्या मते हा प्रश्न तुम्हाला, दादाला, काकांना किंवा मला पडायचाच नाही. बाबांना किती कळून घ्यायचंय हे बाबांनी ठरवायचं. काकांनी देवळात कौल लावला त्याला माझी ना नाही. आपल्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळ्याला कौल लागतो, आजाराला का नाही? पण काकांना एकदा हळूच विचारा, देवासमोर प्रश्न नेमका काय घातला होता. ‘बाबांना आराम पडावा काय’ असा असेल, ‘वैद्य बदलावा काय’ असा असेल. ‘बाबांनी विचारलं तरी त्यांना खोटं सांगावं काय’ असा प्रश्न कुणी गाऱ्हाण्यात घालत असेल असं मला वाटत नाही. देवाला विचारून झालं, आता बाबांना विचारा. काकांना बरोबर घेऊन विचारलंत तर आणखी चांगलं.

कसं विचारायचं? सकाळच्या गोळीनंतर तासाभरानं, दुखणं जरा बसलेलं असताना, सोप्यावर ते एकटे असताना. टीव्ही बंद. जवळ बसा, उभ्यानं नको. आणि सांगायला सुरुवात करू नका, विचारायला करा. ‘बाबा, या आजाराचं तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच. मग गप्प बसा. ही गप्प बसायची मिनिटं फार लांब वाटतात, आपण काहीतरी बोलून ती भरतो. भरू नका. ते काही बोलले तर पुढचं: ‘डॉक्टरांनी आणखी सांगितलंय. ते तुम्हाला ऐकायचंय, की आम्हीच बघायचं?’

ते म्हणतील ‘तुम्हीच बघा’, तर बघा. तेही उत्तरच आहे, आणि ते त्यांनी दिलेलं आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा विचारा, माणसाचं मन बदलतं. म्हणतील ‘सांग’, तर एका दमात सगळं ओतू नका. ‘ती सूज नव्हती बाबा. आम्ही घाबरलो म्हणून तसं सांगितलं.’ आधी एवढंच. इथं बहुतेक घरांत आरडाओरड होत नाही. बहुतेक माणसं म्हणतात, ‘म्हाका खबर आशिल्लें’, मला ठाऊक होतं, आणि पाणी मागतात.

आणि सरळ चवथीचं विचारलं तर? तारीख देऊ नका, ‘असणारच तुम्ही’ असंही म्हणू नका. ‘मला माहीत नाही बाबा, डॉक्टरांना आपण दोघांनी मिळून विचारूया.’ हे खोटं नाही, तुम्हाला खरंच माहीत नाही. डॉक्टरांनासुद्धा आकडा माहीत नसतो. पण ‘किती दिवस?’ असं न विचारता ‘आता गोष्ट महिन्यांची आहे, आठवड्यांची की दिवसांची?’ असं विचारलं तर चांगला डॉक्टर बहुधा उत्तर देऊ शकतो. गेल्या महिन्यात बाबा अंगणापर्यंत जात होते आणि आता खाटेवरून न्हाणीपर्यंतच जातात, असं काही असेल तर तेही सांगा. उत्तर त्या वेगातच असतं.

माटोळीबद्दल एक. बांधायला स्टुलावर कोण चढेल ते नंतर बघू. पण कांगलांची रानफळं कुठल्या डोंगरात मिळतात, सुपारीचे घोस कुणाच्या कुळागरातून यायचे, चिबूड कुणाकडे सांगून ठेवायचा, हे सगळं त्या घरात एकट्या बाबांच्या डोक्यात असणार. त्यांना सांगू द्या, तुम्ही लिहून घ्या. चवथीला ते असोत नसोत, हे काम आजचं आहे, आणि ते त्यांना करता येण्यासारखं आहे.

आता तीन डॉक्टरांची तीन तोंडं. मला यात खोटं बोलणारा कुणी दिसत नाही. ‘स्टेबल’ म्हणणाऱ्या डॉक्टरनं त्या सकाळचं ब्लडप्रेशर, नाडी, ताप बघितला. ते स्थिर होतं. आजार थांबला असं तो म्हणाला नाही, ऐकलं आपण तसं. ‘तयारी ठेवा’ म्हणणाऱ्यानं महिन्याचं बघितलं. आणि ‘भिवपाचें कांय ना’ हे तर आपल्याकडे डॉक्टर दारातून आत येताना म्हणतात, जसं आपण ‘या, बसा’ म्हणतो. त्याला निदान समजू नये.

शिवाय भाषा बघा. कार्ड इंग्रजीत, मोठे डॉक्टर कोकणीत, नर्स हिंदीत, बाबा लिहिणार मराठीत आणि कण्हणार कोकणीत. ‘बेस्ट सपोर्टिव्ह केअर’ हे शब्द तुम्ही पत्रात जसेच्या तसे उतरवलेत, म्हणजे त्यांचा अर्थ तुम्हाला कुणी उलगडून सांगितलेला नाही. अर्थ असा: कॅन्सरवर चालणारं औषध आता फायद्यापेक्षा त्रास जास्त देईल, म्हणून दुखणं, मळमळ, झोप, सूज यांच्यावर पूर्ण जोर लावायचा. पुढच्या वेळी डॉक्टर काही म्हणाले की तिथंच सांगा, ‘मी काय समजले ते बोलून दाखवते, चुकलं तर थांबवा.’ आपल्याला हे उद्धटपणाचं वाटतं. डॉक्टरांना उलट बरं वाटतं.

एक वही करा. शंभर पानी, साधी. डाव्या पानावर तुम्ही: गोळी किती वाजता दिली, खरोखर किती दिली, दुखणं दहापैकी किती, पोट साफ झालं की नाही. उजव्या पानावर जो कुणी येईल त्यानं काय सांगितलं, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत. नर्सनं लिहिलं तर तिच्या हातानं. रात्री दादाला फोन करताना वहीतलंच वाचायचं, स्वतःच्या मनानं गोड करायचं नाही. अर्ध्या गोळीची भानगड या वहीत पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. घरातलं एकच माणूस टीमशी बोलेल हेही ठरवून टाका, आणि त्याचं नाव व फोन टीमला द्या. बहुधा ते तुम्हीच. चार जणांनी चार वेळा फोन करून चार उत्तरं आणायची, हे थांबवा.

दादावर मी नाराज होऊ शकत नाही. तो रोज रात्री पाच मिनिटं बाबांना बघतो, आणि त्याला दिसतात ते विंचरलेले, इस्त्रीच्या शर्टातले बाबा. तो म्हणणारच की माणूस चांगला दिसतोय, हात वर का करता? आईनं प्रेमानं केलेलं आहे, पण त्यानं दादाची दिशाभूल होतेय. बाबांची हरकत नसेल तर एकदा दुपारी तीनला, शर्टाशिवाय, जसे आहेत तसे दाखवा. बाहरेनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं, तिथं साडेबारा झालेले असतील, जेवणाच्या सुट्टीत त्याला जमेल. टीमची पुढची घरभेट त्याच वेळेला मागून घ्या. फोन स्पीकरवर ठेवा, आणि दादाचे प्रश्न दादालाच विचारू द्या. डॉक्टरांचं तुमच्या तोंडून ऐकणं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं यात फार फरक पडतो. भांडण तुमच्यावरचं निघून जातं.

हात वर केल्याबद्दल त्याला आणखी एक सांगता येईल. २०१० साली अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण घेऊन एक अभ्यास छापला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम मिळाली, त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, ज्यांना नाही त्यांच्यातले निम्मे ८.९ महिन्यांहून. तो आजार वेगळा, आणि तुमच्या घरी टीम उशिरा आली, तेव्हा हे आकडे बाबांना लावू नका. पॅलिएटिव्ह म्हणजे सोडून देणं नव्हे, एवढ्यापुरतंच दादाला सांगा.

आईबद्दल तुम्ही ‘काहीच बोलत नाही’ म्हणता. तिला कुणी काही विचारलंय का? रात्री दुखण्यानं उठून बसलेल्या माणसाशेजारी तीच असते. सगळ्यात जास्त तिला माहीत आहे.

दोन गोष्टी घाईनं सांगून ठेवते, पहिल्याच बोलण्यात काढू नका. शेवटी व्हेंटिलेटर, आयसीयू नको असं बाबांचं मत असेल तर ते लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: शुद्धीतल्या सज्ञान माणसानं दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते प्रमाणित करायचं. गोव्यात तर मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र सर्वांसमोर करून दाखवलं, तेव्हा हे अशुभ वाटणाऱ्या काकांना तेवढं सांगता येईल. दुसरं, घरी आवरेनासं झालं तर लोटलीला शांती आवेदना सदन आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारात रुग्णाची शुश्रूषा करणारं ठिकाण, १९८६ मध्ये मुंबईत काढणाऱ्यांचंच. घरीच ठेवलं पाहिजे अशी शपथ आधीच घालून घेऊ नका, तसंच नेलंच पाहिजे असंही नाही.

आज करायचा तो गोळीचा फोन. बाबांशी बोलणं दोन दिवसांनी, त्यांना एक रात्र तरी धड झोप लागल्यावर. आणि ती डायरी वाचलीत हे त्यांच्यापासून लपवू नका, ‘उशी बदलताना दिसली’ म्हणून सांगा. टीम येईल त्या दिवशी ती त्यांच्या हातात असू द्या, पेनासकट. खोडलेलं पुन्हा लिहायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.